सेगोव्हियाला न्यायचं सामान

सप्टेंबर ५, शुक्रवार

राधिकेने ही वही पाठवली. कातडी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत ‘ट्रॅव्हल जर्नल’, आत खुणेला रेशमी फीत. फोनवर म्हणाली, “आई, ट्रिपचं सगळं लिही हं. एव्हरी डे.” मी म्हटलं, अगं बाई, ट्रिपला अजून महिना आहे, आणि मी उभ्या जन्मात किराण्याच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तर म्हणे, “मग पॅकिंगपासून स्टार्ट कर.” देशाच्या दुसऱ्या टोकाला सनीव्हेलमध्ये बसून इथे पिस्कॅटवेतल्या आईला कामाला लावणं लेकीला छान जमतं.

पहिल्या पानावर नाव-पत्त्याची जागा आहे, वही हरवली तर परत मिळावी म्हणून. लिहिलं: शोभना देवदत्त वऱ्हाडपांडे. तेवढ्यातच रेघ संपली.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला आम्ही दोघं स्पेनला निघतोय. माद्रिदजवळ सेगोव्हिया नावाचं जुनं गाव आहे, तिथे रोमन लोकांनी पाणी आणायला बांधलेला उंच कमानींचा पूल आहे. ह्यांना तो बघायचाय. जन्मभर इथल्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनियर होते, पाण्याशिवाय दुसरा विषय नाही. पण वेड त्याच्याही आधीचं. हे नागपुरात कॉलेजात असताना दादांनी कुठल्याशा मासिकातलं त्या पुलाचं चित्र कापून ह्यांच्या टेबलासमोर भिंतीवर खळीने चिकटवलं होतं.

दादा म्हणजे त्र्यंबकदादा, ह्यांचे थोरले भाऊ. आडदांड माणूस. नागपूरच्या विमानतळाबाहेर कितीही गर्दी असो, सगळ्यांच्या डोक्यांवर दादांचं डोकं, हातात मफलर, आणि तो हात वर. कानाने अधू, म्हणून सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी “देवाऽऽ” म्हणून हाक. मग सगळ्यांत जड बॅग स्वतः उचलायची, आम्हाला हात लावू द्यायचा नाही. चाळीस वर्षं आमची सुट्टी म्हणजे तेवढंच. ना पॅरिस, ना ग्रँड कॅन्यन.

फेब्रुवारीत दादा गेले. इथे बर्फाचं वादळ, विमानं बंद. ह्यांनी फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये सगळं पाहिलं, अग्नी देईपर्यंत. मग फोन चार्जिंगला लावला आणि बाहेर जाऊन ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढत बसले. डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हापासून घरात बोलणं कमीच झालंय. म्हणून तर राधिकेने ही ट्रिप काढली. माझं देवाकडे दुसरं काही मागणं नाही. त्या पुलासमोर उभं राहिल्यावर ह्यांचा चेहरा एकदा खुलावा, बस.

सप्टेंबर ९, मंगळवार

राधिकेने व्हिडिओ पाठवला. एक गोरी मुलगी कपड्यांच्या सुरळ्या करून दहा दिवसांचा संसार दप्तराएवढ्या बॅगेत बसवते. माणशी एकच केबिन बॅग न्यायची म्हणे, कारण गावात सगळ्या दगडी गल्ल्या आणि चढ. मोठी बॅग ओढताना हात निखळेल. सपाट तळाचे बूट, एक जाकीट, पातळ ओढणी, पाण्याची बाटली. झालं.

मी मात्र सवयीने बेसमेंटमधून दोन्ही मोठ्या बॅगा वर आणल्या होत्या. हँडलला अजून माझ्या जुन्या नारायणपेठी साडीचा काठ बांधलेला आहे, पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून. उघडल्या तर आत नागपूरच्या घराचा वास. तिथेच जिन्यापाशी बसले थोडा वेळ.

खरं सांगायचं तर मला स्वतःसाठी बॅग भरता येत नाही. आजवर भरली ती दुसऱ्यांची. दादांची औषधं, वहिनी होत्या तोवर त्यांची क्रीमं, भाचेसुनेला पर्स, कामवालीच्या मुलीला रंगपेट्या. शिवाय इथल्या चार घरची पार्सलं: “शोभना, छोटंसंच आहे गं, नेशील ना?” आणि ते छोटंसं म्हणजे प्रेशर कुकरएवढं. आमचे स्वतःचे कपडे उरलेल्या फटींत. या वेळी एकाचाही फोन नाही. स्पेनमध्ये कुणाचं कोण आहे?

माझी बॅग भरून झाली आणि अर्धी रिकामी राहिली. बघवेना. वर एक टॉवेल घालून ठेवला.

सप्टेंबर १३, शनिवार

चमत्कार झाला! हे स्वतःहून कॉस्टकोत जाऊन आले. येताना नेहमीचा एक्झिट चुकला म्हणे, रेडिओ ऐकत होतो. असू दे. आणलं काय तर बदामांच्या मोठ्या पिशव्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या, डव्ह साबणाचा गठ्ठा, चॉकलेटं. आणि शिट्टी वाजवत मोठ्या बॅगेत लावायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा शिट्टी ऐकली.

मी म्हटलं, “अहो, स्पेनमध्ये बदाम पिकतात. आपण तिथे बदाम नेणार?”

“असू दे. लागतात.”

“आणि साबण? हॉटेलात देतात की.”

“तू गप गं शोभा. रिकाम्या हाताने गेलेलं बरं दिसत नाही.”

मला हसू आलं. चाळीस वर्षांची सवय, अशी सुटणार थोडीच? मीही परवा बॅगा वर आणल्याच होत्या. नंतर हळूच काढून टाकीन. माणूस शिट्टी वाजवतोय, त्यात सगळं आलं.

राधिकेला फोन करून सांगितलं, बाबा एक्साइट झालेत. पोरगी रडायलाच लागली.

सप्टेंबर १७, बुधवार

आज भांडण. आणि तेही स्वेटरवरून.

हे मॉलमधून लोकरीचा स्वेटर घेऊन आले, राखाडी, अंगाला चांगला ऊबदार. एक तर पितृपक्षात नवा कपडा, त्यावर मी काही बोलले नाही. पण माप बघितलं तर डबल एक्सेल! हे मापाने मीडियम, तेही जेवण कमी झाल्यापासून सैलच. म्हटलं, “अहो, दुकानदाराने काय डोळे मिटून दिला का? यात तुम्ही आणि मी दोघं मावू.”

“माप बरोबर आहे.”

“कसलं बरोबर? आणा इकडे, बदलून आणते.”

तर ह्यांनी स्वेटर माझ्या हातातून हिसकावला. हिसकावला! आणि ओरडले, “प्रत्येक गोष्टीत तुझं चालवायचं नाही. पहाटे किती थंडी असते तिथे, तुला माहीत नाही का?” चाळीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. मी ओरडायचं आणि ह्यांनी पेपर वर धरायचा, अशी आमच्या घरची पद्धत.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग पोळ्या केल्या. जेवताना हे अगदी नेहमीसारखे, जणू काही झालंच नाही. भेंडी छान झालीय म्हणाले. भेंडी नव्हती, तोंडली होती. पुरुषांचं जेवणाकडे लक्ष असतं कुठे?

गोळ्यांच्या डबीत सोमवारचा आणि मंगळवारचा खण भरलेलाच. ह्यांना बीपीच्या गोळीचा कंटाळा आहे, मुद्दाम टाळतात. आता मीच हातावर ठेवत जाईन.

सप्टेंबर २१, रविवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा. मी विचारलं, त्या पुलात एवढं आहे काय? बस्स. ह्यांनी बॅगेतून डव्हच्या वड्या काढल्या, सुरी घेतली आणि एकेक वडी तिरकी कापायला लागले. जीव कळवळला माझा, पण बोलले नाही. जेवणाच्या टेबलावर वाटी पालथी घातली, तिच्यावरून साबणाचे तुकडे कमानीत लावले, दोन्ही बाजूंना तूरडाळीचे डबे टेकवले.

“आता वाटी काढ.”

“पडेल.”

“काढ तर.”

काढली. कमान उभी! मग वर बदामांची पिशवी ठेवायला सांगितली. मी म्हटलं आता नक्की कोसळणार. तर उलट जास्तच घट्ट झाली.

“बघ,” म्हणाले, “तिकडे चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगड. वरचं वजन त्यांना एकमेकांवर दाबून धरतं. लोकांना वाटतं वजनाने पडेल. वजन काढलं की दगड सैल होतात.”

डोळे असे चमकत होते! कुठला दगड किती रुंद, उतार किती, पाणी कुठून येतं, सगळं तोंडपाठ. राधिका आणि मी उगीच काळजी करतो. बुद्धी अजून तल्लख आहे, फक्त मन उदास होतं. आता तेही निवळतंय. जीव भांड्यात पडला माझा.

साबणाचे तुकडे मोज्यांच्या पुडीत घातले. टाकवले नाहीत.

सप्टेंबर २५, गुरुवार

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

कांचन आली होती. पलीकडच्या गल्लीत राहते, भूल देणारी डॉक्टर होती, ह्यांच्याआधी रिटायर झाली. आम्ही दोघी या देशात एकाच हिवाळ्यात आलो, बहिणीसारखी आहे. मी चहा टाकायला आत गेले, हे तिच्याशी बोलत बसले. चहा प्यायली, गप्पगप्पच होती. निघताना मला गाडीपर्यंत घेऊन गेली आणि दंड धरून म्हणाली, “शोभना, देवदत्तांना डॉक्टरला दाखवून घे.”

“का? काय झालं?”

“मला विचारत होते, काही न्यायचंय का. मी म्हटलं, स्पेनमध्ये माझं कोण आहे? तर म्हणाले, तुझ्या नागपूरच्या भावाकडे द्यायचं असेल तर दे, दादा पोचवेल.”

मी म्हटलं, आठवण आली असेल. तोंडातून नाव गेलं. तुझ्या तोंडून जात नाही का तुझ्या नवऱ्याचं? तो जाऊन सहा वर्षं झाली, तरी तू परवा ‘आम्ही’ म्हणालीस.

“म्हणते गं. पण मला माहीत असतं तो नाहीये.”

मी दार लावून घेतलं. डॉक्टर लोकांना जिकडेतिकडे पेशंटच दिसतात. माझ्या घरात इतक्या महिन्यांनी शिट्टी वाजली, ती हिला बघवली नाही. असं लिहू नये, पण लिहिते. वही माझी आहे.

सप्टेंबर २६, शुक्रवार

कांचनचे फोन आले. घेतले नाहीत.

सप्टेंबर ३०, मंगळवार

हे लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, नाहीतर कुणाला सांगू?

दुपारी हे बागेत पानं गोळा करत होते. म्हटलं, तेवढ्यात मोठी बॅग रिकामी करून ह्यांचे चार कपडे छोट्या बॅगेत घालून टाकावेत. काढायला बसले. बदाम. व्हिटॅमिन. चॉकलेटं. तो राखाडी स्वेटर, टिश्यू पेपरात नीट घडी केलेला. त्याच्या घडीत काहीतरी कडक लागलं. कानाच्या मशीनचे सेल. नारिंगी चिकटपट्टीचे, बारीक गोल. पाकिटंच्या पाकिटं.

आम्हा दोघांनाही कानाचं मशीन नाही.

स्वेटर पुन्हा उलगडला, खांदे बघितले. हे माप मला माहीत आहे. मीच घेत होते दर वेळी.

मागे दार वाजलं. हे आत आले, बुटांना पानं चिकटलेली. रिकामी बॅग बघितली.

“काय करतेस?”

“छोट्या बॅगेत...”

“दादाचं सामान का काढलंस?” आवाज चढला. “सेल कुठे आहेत? तिकडे त्या कंपनीचे मिळत नाहीत. ऐकू नाही आलं तर आपण आल्याचं त्याला कळणार कसं? त्याच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ?”

मी शहाणी असते तर गप्प बसले असते. पण माझं तोंड कधी माझ्या ताब्यात होतं? ओरडले. “अहो, दादा गेले! फेब्रुवारीत गेले! तुम्ही पाहिलंत ना फोनवर?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“कधी? मला कुणी कसं सांगितलं नाही?”

मग त्या रिकाम्या बॅगेवर बसले आणि रडायला लागले. भर दुपारी, बूट न काढता, मोठ्याने. “माझा दादा,” एवढंच. मी डोकं छातीशी धरून उभी राहिले. आठ महिने मला वाटत होतं, हे एकदा मोकळं रडले की बरे होतील. आज रडले. बरं काही झालं नाही.

ऑक्टोबर १, बुधवार

सकाळी चहा घेताना म्हणाले, “शोभा, दादाला फोन करायला हवा. फ्लाइटची वेळ कळवायला.”

मी उठले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि कांचनला फोन केला. ती गाऊनवरच आली. मी सांगितलं होतं असं एका अक्षराने म्हणाली नाही. ह्यांना नाश्ता वाढला, मला वाढला, मग भांडी घासली. त्या डिशवॉशरसमोर उभी राहून हाताने भांडी घासत होती बिचारी.

मी म्हटलं, “किती मूर्ख मी. बदाम बघून हसले.”

“तू कशी ओळखणार? आपण सगळ्या अशाच बॅगा भरत आलो. मी तरी काय ओळखलं? ते ‘दादा पोचवेल’ म्हणाले म्हणून कळलं.”

“आता विचारलं तर काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे.”

“पुन्हा पुन्हा गेले म्हणून सांगू नकोस. तुझ्यासाठी ते जुनं. त्यांना दर वेळी नवीनच.” ताटली निथळायला ठेवून म्हणाली, “खोटंही नको बोलूस. खरं काही तेवढं एकच नसतं ना? दुसरं काही खरं असेल ते सांग.”

ऑक्टोबर ४, शनिवार

काल डॉक्टरकडे जाऊन आलो. नेहमीचाच फॅमिली डॉक्टर, भला माणूस आहे. ह्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्यांनी असं गोल काढलं की कंपास लाजेल, आकडे अगदी ड्रॉइंग शीटवर काढावेत तसे. मग डॉक्टर म्हणाले, दहा वाजून दहा मिनिटं दाखवा. हे पेन धरून बसले. काटे काही निघेनात. माझ्याकडे बघितलं, परीक्षेत मुलं शेजारच्याकडे बघतात तसं. मी मान खाली घातली. बाहेर पार्किंगमध्ये हे म्हणाले, “पेपर सोपा होता.”

पुढच्या तपासण्या, मेंदूच्या डॉक्टरची वेळ डिसेंबरातली. प्रवासाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका, दमवू नका, गोळ्या वेळेवर. जायला हरकत नाही. आणि दाराशी हळूच म्हणाले, जायचंच असेल तर पुढे ढकलू नका.

राधिकेला सगळं सांगितलं. रडली, मग एकदम मॅनेजर झाली. “आई, कॅन्सल करू या. सीरियसली. अनोळखी गाव, लँग्वेज येत नाही, तू एकटी कशी मॅनेज करशील? नेक्स्ट इयर मी आणि अनीश येतो, सगळे मिळून जाऊ.”

“नेक्स्ट इयर पूल असेल गं. तो दोन हजार वर्षं आहे. मला पुलाची काळजी नाहीये.”

अनीश, आमचा जावई, मागून तिला काहीतरी समजावत होता. मग म्हणाली, “ओके. पण मला रोज लोकेशन शेअर करायचं.”

मला भीती वाटते आहे. स्पष्ट लिहिते: खूप भीती वाटते आहे. विमानात ह्यांनी मध्येच विचारलं आपण कुठे चाललोय तर? गर्दीत हात सुटला तर? तिथे पोचून पुलाकडे बघून ह्यांना काहीच वाटलं नाही तर? घरी बसले तरी भीती आहेच म्हणा. मग पुलासमोर का नको?

ऑक्टोबर ७, मंगळवार

बॅगा भरल्या. एक छोटी, आम्हा दोघांची. सुरळ्या करून, त्या मुलीने दाखवलं तसं. गोळ्या माझ्या पर्समध्ये. ह्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात एका चिठ्ठीवर नाव, माझा नंबर, हॉटेलचा पत्ता. ती चिठ्ठी मी शिवून टाकली, पडू नये म्हणून. सुई दोनदा बोटात गेली.

आणि एक मोठी.

राधिका फोनवरून बघत होती. “आई! व्हाय? तिथे चढ आहेत, स्टोन्स आहेत. कोण ओढणार?”

“मी.”

“बट फॉर हूम?”

मी तिला साबणाच्या कमानीचं सांगायला गेले, धड सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, “बाबांकडून ही बॅग काढून घेतली ना, की काय सैल पडेल मला माहीत नाही. मी प्रयोग करणार नाही.”

बदाम भरले. चॉकलेटं, व्हिटॅमिनं. सेल स्वेटरच्या घडीत, होते तसेच. हे बाजूला उभं राहून सूचना देत होते, “जड खाली, जड खाली घाल.” मग काटा आणला. नेहमीप्रमाणे ह्यांनी आधी एकट्याचं वजन केलं, मग बॅग उचलून धरून केलं, आणि वजाबाकी तोंडी केली. बरोबर केली. साडीच्या काठाची गाठ मी पुन्हा घट्ट बांधली.

कांचनने दाराशी येऊन एक डबा दिला. चिवडा. “छोटंसंच आहे,” म्हणाली. “नेशील ना?”

“कुणाला द्यायचा?”

“तुम्हीच खा गं.” आणि पळाली. मागच्या महिन्यातला तिचा डबा माझ्याकडे होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात तिला आवडतात त्या खारका घालून ठेवल्या होत्या. त्या द्यायच्या राहून गेल्या. आल्यावर देईन.

ऑक्टोबर ९, गुरुवार

नेवार्कला गेटपाशी बसून लिहितेय. विमानाला अजून अवकाश आहे.

सकाळी निघताना एक झालं. टॅक्सी यायची होती, बॅगा दाराशी. हे मोठ्या बॅगेपाशी उभे होते. वाकून चेन उघडली, स्वेटर बाहेर काढला, खांद्यांना धरून समोर धरला.

“शोभा.” आवाज वेगळाच होता, पूर्वीचा. “दादा गेला ना गं?”

कांचनने सांगितलेलं सगळं विसरले. म्हटलं, “हो.”

“बर्फ पडत होता.”

“हो. खूप.”

ह्यांनी मान हलवली. रडले नाहीत. मग तो स्वेटर स्वतःच्या अंगात घातला. गुडघ्यांपर्यंत आला, हात बाह्यांमध्ये गडप. माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. मी बाह्या दुमडल्या, एकदा, पुन्हा एकदा. बाहेर ऊन होतं, थंडी काही नव्हती. उतरवा म्हटलं नाही. टॅक्सी आली तेव्हा मोठी बॅग ह्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही.

मला वाटलं, आता आठवण राहील. इतकं स्वच्छ बोलले, आता राहील. सिक्युरिटीच्या रांगेत मी आनंदाने वेडी झाले होते.

आत्ता थोड्या वेळापूर्वी, मी इथे तारीख घालत होते तेव्हा ह्यांनी विचारलं, “घ्यायला कोण येतंय आपल्याला? दादा येईल ना?”

स्वेटर अंगात होता. दुमडलेल्या बाह्या तशाच.

समोर काचेपलीकडे विमानात सामान चढवत होते. त्यात एका बॅगेला नारायणपेठीचा काठ. मी म्हटलं, “या वेळी घ्यायला कुणी येणार नाही. आपलं आपण जायचंय. मी आहे ना बरोबर.”

विचारात पडले. कपाळाला आठी. गणित सुटत नसलं की पडायची तशी. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

“मग असं करू,” म्हणाले. “मी आधी बाहेर जाऊन उभा राहतो. तू बॅगा घेऊन सावकाश ये. गर्दी असली तरी घाबरू नकोस. मी हात वर करीन, म्हणजे तुला लांबून दिसेन.”

आणि दाखवलं. इथेच, सगळ्या लोकांत, खुर्चीवरून उठून, त्या मोठ्या बाहीतला हात उंच वर केला.

“दिसतो?”

“दिसता,” म्हटलं. “पण फार पुढे जाऊ नका.”